दुखण्याची गोळी आणि सोबतची पित्ताची गोळी

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की प्रत्येक बैठकीत कंबर आणि गुडघ्यांचा विषय निघतोच. मग कुणीतरी गोळ्यांची पट्टी दाखवतं. "सोबत पित्ताची पण घेते ना, मग काय होतंय?" म्हणून आज ही जोडी समजून घेऊ.

विळा लागला की बोट लाल होतं, गरम होतं, सुजतं, ठणकतं. ही शरीराची दुरुस्तीच असते. तिकडे रक्त वाढतं, पांढऱ्या पेशी धावून येतात. हे घडवणाऱ्या पदार्थांपैकी एक म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. अ‍ॅस्पिरिन हा पदार्थ शरीरात तयारच होऊ देत नाही, असं जॉन वेन यांनी १९७१ मध्ये लंडनला दाखवलं. पुढे १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन याच पद्धतीने सूज उतरवतात.

पण गोम इथेच आहे. हाच पदार्थ जठराचा आतला चिकट थर टिकवतो, म्हणून आपलंच आम्ल आपल्याला भाजत नाही. गोळी रक्तातून सगळीकडे फिरते, तिला गुडघा कुठला नि जठर कुठलं ते कळत नाही. जेवून घेतली तरी हा धोका पूर्ण टळत नाही, थर कमजोर होतो आणि अल्सर होऊ शकतो.

पित्ताची गोळी, म्हणजे बहुतेक वेळा ओमेप्राझोल, आम्ल सोडणारे पंप बंद करते. आम्ल कमी, म्हणून जखम होण्याची शक्यता कमी. गरज असेल तिथे डॉक्टर दोन्ही देतात ते यासाठीच, आणि ते बरोबरच आहे. ती सकाळी जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची. मात्र लहान आतड्याला तिचा आधार नाही. मूत्रपिंडालाही नाही, आणि उन्हात पाणी न पिता राबणाऱ्या बाईच्या मूत्रपिंडावर दुखण्याच्या गोळीचा ताण जास्त पडतो. म्हणून मनाने महिनोन् महिने जोडी चालवू नका. गरोदर ताईने तर विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घेऊच नये.

शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, घाण वासाचं झालं, किंवा उलटीत रक्त दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती सहसा अशी चिकट नसते. शंका आली तर दाखवाच.

पुढच्या बैठकीला घरातल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊन या. मागची नावं मिळून वाचू.