जुनी फियाट घेताय? आधी बुकावरचं नाव वाचा

मे महिन्यातली दुपार. अकोल्यातल्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये मालकाने ताडपत्री ओढली आणि खालून फिकट पिस्ता रंगाची प्रीमियर पद्मिनी निघाली. १९८७ ची. चारही टायर बसलेले, मागच्या सीटवर उंदरांनी मांडलेला संसार. मालकाने बॉनेटवरून हात फिरवत सांगितलं, "एक चाळीस. आतापर्यंत दोघं येऊन गेले."

माझ्याबरोबर अमरावतीहून एक म्हातारे मिस्त्री आले होते. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंही नाही. खिशातून रुमालात गुंडाळलेलं छोटं चुंबक काढलं आणि दाराच्या खालच्या कडेवर टेकवलं. टक्कन चिकटलं. मागच्या चाकाच्या कमानीवर टेकवलं, तर ते सरळ घरंगळून खाली पडलं. तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. बाकी गाडीभर मात्र चुंबक चिकटत गेलं. मग मिस्त्री म्हणाले, "पत्रा बरा हाय भाऊ. आता बुक दाखवा म्हना."

आरसी बुक आलं. त्यावर नाव मालकाच्या वडिलांचं. वडील वारून बरीच वर्षं झालेली, भावंडं तीन, त्यातला एक परदेशात. मिस्त्रींनी बुक माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "इंजिन मी बांधून देतो. पन मेलेल्या मानसाची सही कोठून आनू?"

जुन्या गाडीचं मोल करताना विकणारा इंजिनापासून सुरुवात करतो, कारण इंजिन आवाज करतं आणि मन भुलवतं. घेणाऱ्याने उलटीकडून यावं: आधी कागद, मग पत्रा, शेवटी इंजिन. वऱ्हाडात तर हा क्रम डोळे झाकून पाळावा. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन बांधणारे हात अजून मिळतात. फाटलेले कागद शिवणारे मिळत नाहीत.

कागद

मूळ मालक वारला असेल तर गाडी थेट तुमच्या नावावर होत नाही. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर चढते. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि बाकीच्या वारसांची लेखी संमती लागते. त्यानंतर फॉर्म २९ आणि ३० वर ती तुमच्याकडे येते. विकणाऱ्याने फॉर्म २९ ची खबर १४ दिवसांत द्यायची, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असा कायदा आहे. "सही करून देतो, तुम्ही नंतर बघून घ्या" या वाक्यावर पैसे मोजू नका. पहिली पायरी विकणाऱ्यानेच पुरी करावी, आणि ती होईपर्यंत टोकनसुद्धा देऊ नये.

दुसरी गोष्ट पासिंगची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. शेडमध्ये पडून राहिलेल्या गाडीचं ते हमखास चुकलेलं असतं. २० वर्षांवरच्या चारचाकीला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये आहे (त्याआधी ५,००० होती), आणि चुकलेल्या दर महिन्याला ५०० रुपये उशिराचा आकार वेगळा. तीन वर्षं रखडलेली गाडी म्हणजे ३६ महिन्यांचे १८,०००, म्हणजे फीपेक्षा दंडच मोठा. त्यावर पर्यावरण कर, पेट्रोल चारचाकीला पाच वर्षांचे साधारण ३,०००. आणि आता सक्तीची झालेली एचएसआरपी नंबरपाटी, जीएसटी धरून ८८० च्या आसपास.

तिसरी गोष्ट, नंबर जुळवणं. एमएच-२७ म्हणजे अमरावती, एमएच-३० म्हणजे अकोला हे आपल्याला पाठ आहे, पण ही पद्धत १९८९ पासूनची. त्याआधीच्या गाड्यांवर 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं दिसतात. अशा गाडीची नोंद संगणकावरच्या 'वाहन' प्रणालीत चढली आहे का, ते एम-परिवहनवर नंबर टाकून आधी पाहा. नसेल तर बुक कितीही खरं असलं तरी आरटीओच्या फेऱ्या ठरलेल्या. चेसिस नंबरावर पेन्सिल घासून कागदावर ठसा घ्या, इंजिन नंबरही तसाच, आणि दोन्ही बुकाशी अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्याकडे एके काळी फियाटमध्ये डिझेल इंजिन बसवायची आणि गॅस किट लावायची हौस फार होती. ते बदल बुकावर चढलेले नसतील तर पासिंगला गाडी अडते.

'विंटेज' म्हणून गळ्यात मारतात तेव्हा

"भाऊ, ही विंटेज हाय, हिचा भाव वेगळा." विंटेज हा शब्द जुलै २०२१ पासून कायद्याचा आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचं राखलेली, धंद्याला न वापरलेली गाडीच विंटेज. पद्मिनी हे नाव आलं ते सत्तरच्या दशकात, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पद्मिन्या आत्ता कुठे त्या उंबऱ्यावर पोचताहेत. १९८७ च्या गाडीला विंटेजचा भाव मागणाऱ्याला हसून नमस्कार करावा. खरी विंटेज हवी असेल तर 'डुक्कर फियाट' शोधा, पन्नासच्या दशकातली ती गोल पाठीची. वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांत एखादी अजून सापडते.

विंटेज नोंदणीचा हिशेबही नीट मांडा. फी २०,००० आणि मुदत दहा वर्षं. साधं नूतनीकरण पाच वर्षांना १०,०००, म्हणजे दहा वर्षांना तेही २०,०००. पैसा सारखाच. विंटेज म्हणून नोंदलेल्या गाडीला थर्ड पार्टी विम्यात ५० टक्के सूट आहे, पण बदल्यात ती रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. पोराबाळांना घेऊन दर पावसाळ्यात चिखलदऱ्याला जायचं असेल तर साधी नोंदणीच बरी.

पत्रा

इथे वऱ्हाड नशीबवान आहे. मुंबईत पद्मिनीचा तळ खाऱ्या हवेने चाळणी होतो. अकोल्याच्या कोरड्या उन्हात तोच पत्रा चाळीस वर्षं टिकतो. म्हणून मुंबई-कोकणाकडच्या चकाचक रंगवलेल्या गाडीपेक्षा आपल्याकडची रंग उडालेली गाडी मी जास्त पैसे देऊन घेईन. फक्त काळ्या मातीच्या जमिनीवर पावसाळे काढले असतील तर खालून बॅटरी मारून पाहा. पायाखालचं मॅट उचला, डिकीतली स्टेपनी उचला, दोन्हीखाली बोटाने दाबा. पत्रा करकरला तर किंमत निम्मी.

ऊन मात्र दुसरीकडून वसूल करतं. रबर, वायरिंग, डॅशबोर्ड, काचांच्या बीडिंग हे सगळं बिस्किटासारखं तुटतं. त्यात पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्या काळचे रबरी पाइप आणि पॅकिंग त्यासाठी बनलेच नव्हते. इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकी आतून गंजते, कार्बोरेटर चोंदतो. गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात सगळे पेट्रोल पाइप बदलून टाका. फार खर्च नाही, आणि न बदलल्यास आगीची भीती आहे.

इंजिन आणि फेरी

गाडी पहाटे पाहायला जाऊ नका. थंडीत सगळ्याच फियाट गोड चालतात. दुपारी एकला जा, आणि बॉनेटला हात लावून खात्री करा की तुम्ही यायच्या आधी ती तापवून ठेवलेली नाही. गार इंजिन एका झटक्यात सुरू होतं का, धूर निळसर आहे का, ऑइलचं झाकण काढल्यावर भपकारे येतात का, ते पाहा. निळा धूर म्हणजे रिंगा-पिस्टनचं काम.

मग मुर्तिजापूरच्या दिशेने हायवेला लावा. अमरावती-अकोला रस्त्याचा लोणी ते माना हा पट्टा ५ दिवसांच्या आत ७५ किलोमीटर डांबर टाकून जून २०२२ मध्ये गिनीज बुकात गेला; रस्ता सपाट, त्यामुळे आवाज गाडीचाच ऐकू येतो. तासाला ६० च्या वेगात स्टीअरिंग सोडून पाहा, गाडी एका बाजूला ओढते का. स्टीअरिंगवरच्या गिअरचा दांडा पहिल्यात टाकताना वरखाली हेलकावतो का. ब्रेक चारही चाकांना ड्रमचेच, तेव्हा आजच्या गाडीसारखं थांबण्याची अपेक्षा ठेवू नका, पण दाबल्यावर गाडी तिरपी होता कामा नये. परत येऊन पंधरा मिनिटं इंजिन उभ्या जागी चालू ठेवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. ४४ अंशांत इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून गाडी चालवणारी पिढी अजून हयात आहे; पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी मध्येच बसते, त्यावरचा तो उपाय. गाडीत तसलं फडकं दिसलं तर मालकाला कारण विचारा.

किलोमीटरचा आकडा वाचायची तसदी घेऊ नका. पाच आकडी मीटर किती वेळा फिरून आलाय ते देव जाणे.

मोल कसं करायचं

मी हिशेब शेवटून करतो. सगळं काम झाल्यावर, कागद ताजे असताना ही गाडी कितीला जाईल? चांगली पद्मिनी आज दोन लाखांच्या आसपास धरा (हौशी रंगरंगोटी केलेलीला यापेक्षा बरेच जास्त सांगतात, सांगणं वेगळं, मिळणं वेगळं). त्यातून खर्च वजा करत या. शेडमधल्या गाडीचा कागदांचा खर्च असा निघाला: नूतनीकरण १०,०००, उशिराचे १८,०००, पर्यावरण कर ३,०००, पाटी ८८०, नाव बदलण्याचे साधारण ३००, आणि थर्ड पार्टी विमा. १००० ते १५०० सीसीच्या गाडीला जून २०२२ मध्ये ठरलेला दर ३,४१६ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४,०३१. एकूण ३६ हजार आणि वर थोडे.

कामाचा खर्च मिस्त्रींनी बोटांवर मोजला: पाच टायर २० हजार, वायरिंग १०, ब्रेक ८, रेडिएटर ६, सीटा १५. झाले ५९ हजार. मजुरी आणि माल दोन्ही धरून, अंदाजच. दोन लाखांतून ९५ हजार गेले, उरले एक लाख पाच. त्यातूनही १५ हजार 'उघडल्यावर दिसेल' या खात्यात बाजूला ठेवले. आमचा आकडा आला ९० हजार. मालकाचा आकडा होता एक चाळीस.

भाव करायचा हंगामही पाहा. कापूस विकून हातात पैसा आला की हौसेच्या वस्तू महागतात. पेरणीच्या तोंडावर, जूनमध्ये, शेडमधल्या गाड्या बाहेर येतात आणि मालक मऊ होतात.

सुट्या भागांसाठी मुंबईत कुर्ला आणि पुण्यात नाना पेठ. फियाट बनायचीही कुर्ल्यातच, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या होत्या तोवर भागांची ददात नव्हती. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. तेव्हा काचा, मागचे दिवे आणि क्रोमच्या पट्ट्या गाडीसोबतच मिळताहेत ना, ते आधी मोजून घ्या. इंजिनाचे भाग मिळतील, काच शोधताना वर्ष जाईल.

फियाट सोडून दुसरंच काही हवं म्हणणाऱ्यांसाठी दोन शब्द. कॉन्टेसा घेणार असाल तर सुरुवातीच्या गाडीत ॲम्बेसेडरचंच १४८९ सीसीचं मरतुकडं इंजिन होतं, नंतरच्या 'क्लासिक'मध्ये इसुझुचं १.८ आलं, भाव दुसरीचा द्यायचा, पहिलीचा नाही. गोव्यात बनलेली दोन सीटांची सॅन स्टॉर्म दिसायला देखणी, बॉडी फायबरची म्हणून गंज नाही, पण तिचा दिवा फुटला तर अमरावतीत कोणाकडे जाणार, हे आधी ठरवा.

पिस्ता रंगाची गाडी आम्ही घेतली नाही. मालक ९० वर यायला तयार होता. परदेशातल्या भावाची सही यायला तयार नव्हती. तुम्ही जाल तेव्हा बुकावरचं नाव आणि समोर बसलेला माणूस एकच असेल, तर अशा गाडीला ९० हजारांपर्यंत जायला हरकत नाही. नसेल, तर चहा घ्या आणि अंधार पडायच्या आत परत निघा.