सोबतीचा प्याला, सोबतीची जबाबदारी



शिरोली एमआयडीसीतील कामगार-विद्यार्थ्यांच्या एका संपर्कसत्रात वैचारिक लेखनाचा विषय म्हणून फळ्यावर 'व्यसन' हा शब्द लिहिला होता. निबंधाची ठरलेली वाक्ये सर्वांना पाठ होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला : "सर, रूमवरच्या मित्राला पिऊ नको म्हटलं की तो तुटतो, आणि पी असं तर म्हणवत नाही. मग म्हणायचं तरी काय?" त्या दिवशी या प्रश्नाचे नीट उत्तर देता आले नाही. प्रस्तुत घटकात आपण ते शोधणार आहोत.

'एकच प्याला' : एकट्याची शोकांतिका की मंडळाची?

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक तुमच्या परिचयाचे असेल. 1919 च्या जानेवारीत गडकऱ्यांचे निधन झाले आणि त्यानंतर गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. मानी स्वभावाचा बुद्धिमान वकील, सनदेवर आलेले संकट, त्यातून झालेला अपमान आणि अस्वस्थ मनाला विसाव्यासाठी घेतलेला पहिला प्याला, अशी सुधाकराची कथा आपण बहुधा एका व्यक्तीच्या स्वभावदोषाची शोकांतिका म्हणून वाचतो. परंतु तो प्याला सुधाकर शोधत गेलेला नाही, तो तळीराम पुढे करतो, हे ध्यानात घ्या. तळीरामाच्या मागे पुन्हा 'आर्य मदिरा मंडळ' आहे. त्याला सभासद आहेत, सभा आहेत, वादविवाद आहेत. गडकऱ्यांनी हे प्रवेश विनोदी का केले असतील? प्रेक्षक हसतो तेव्हा घटकाभर तोही त्या मंडळाचा सभासद झालेला असतो. सिंधूच्या बाजूने मात्र असे कोणतेही मंडळ उभे नाही.

दारूचा आरंभ बहुतेकदा सोबतीत होतो, ही गोष्ट आजच्या बोलीतही दिसते. 'आज बसायचं', 'रात्री कार्यक्रम आहे' अशा प्रयोगांत दारूचे नावही नसते, आणि तरी अर्थ कोणालाही विचारावा लागत नाही. पंगतीत वाढताना केला जाणारा 'एवढा एकच' हा आग्रहही शब्दांत बदल न होता पेल्यापर्यंत पोहोचला आहे. आग्रह करणाऱ्यापाशी शब्दांचे भांडार आहे. नाकारणाऱ्याला मात्र सबब शोधावी लागते. औषध चालू आहे, उपास आहे, गाडी चालवायची आहे. 'मला नको' एवढे वाक्य आपल्या मैफलीत अपुरे ठरते.

याला एक अपवाद आहे आणि तो फार बोलका आहे. गटारी अमावास्येला भरपूर पिणारे अनेक जण दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळतात. महिनाभर त्यांना कोणी आग्रह करीत नाही, त्यांची थट्टाही होत नाही. याचा अर्थ, समूहाने मानलेली मर्यादा पाळली जाते. ती पाळण्यासाठी प्रत्येकाला असामान्य मनोनिग्रहाची गरज पडत नाही. (गटारीचा प्रघात योग्य की अयोग्य, हा वेगळा विषय.)

परिसराचा प्रभाव

हातकणंगले तालुक्यातील शिरोली पुलाची हे गाव आणि तेथील औद्योगिक वसाहत पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. फौंड्रीतील पाळी संपवून परीक्षेचा अभ्यास करणारा, चौघांत मिळून भाड्याची खोली घेतलेला आणि दुचाकीवर ये-जा करणारा तरुण येथील नेहमीचा रहिवासी होय. घरची वडीलधारी माणसे दूर असतात, पगार हाती असतो आणि खोलीच्या बाहेर अवजड वाहनांचा रस्ता असतो. अशा ठिकाणी पिण्याचा धोका केवळ यकृतापुरता राहत नाही.

हा विचार न्यायसंस्थेनेही केलेला आहे. 15 डिसेंबर 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्री नसावी, असा निर्णय दिला. पुढे 20,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर 220 मीटर करण्यात आले आणि नगरपालिका हद्दीत अट शिथिल झाली. तपशील बदलले, तरी मूळ सूत्र महत्त्वाचे आहे : वस्तू किती हाताशी आहे यावर माणसाचे वागणे अवलंबून असते.

अमेरिकेत 1996 साली रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनच्या साहाय्याने 10 विद्यापीठांत 'अ मॅटर ऑफ डिग्री' हा उपक्रम सुरू झाला. त्यात विद्यापीठाबरोबर गावातील दुकानदार, घरमालक आणि पोलीस यांनाही सामील करून घेतले होते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात दहाही ठिकाणे एकत्र पाहता लक्षणीय फरक आढळला नाही. ज्या पाच ठिकाणी परिसरातील नियम आणि व्यवहार खरोखर बदलले, तेथे मात्र अतिमद्यपान घटले. केवळ व्याख्याने आणि भित्तिपत्रके यांवर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या महाविद्यालयांनी हा निष्कर्ष अवश्य वाचावा. त्याआधी 1986 मध्ये पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. आपले सोबती प्रत्यक्षात जेवढे पितात त्यापेक्षा जास्त पितात, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. 'सगळेच घेतात' हे वाक्य म्हणूनच तपासून घ्यावे.

'सुरक्षित' हा शब्द

मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2023 च्या जानेवारीत स्पष्ट केले. त्यामुळे 'सुरक्षित मद्यपान' हा शब्दप्रयोग फसवा आहे. 'कमी धोक्याचे' एवढेच म्हणता येईल. कायद्याची बाजूही माहीत असावी. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षे ही वयोमर्यादा आहे. म्हणजे पदवीच्या नेहमीच्या वयातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत कायद्याचे उत्तर 'नाही' असेच आहे. वाहन चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास तो मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली गुन्हा ठरतो.

'मी फक्त बिअर घेतो' असे सांगणाऱ्यासाठी थोडे गणित करू. 42.8 टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या 30 मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीत ते सुमारे 41 ग्रॅम भरते. ती एक बाटली म्हणजे चार पेग झाले. शरीर तासाला साधारण एका पेगइतके अल्कोहोल बाहेर टाकते. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. रात्री 12 ला बैठक उठली आणि सकाळी 7 ची पाळी असली, तर हिशेब तुम्हीच मांडा.

सिंधूच्या बाजूचे मंडळ

आता मागच्या बाकावरील प्रश्नाकडे वळू. 'पिऊ नको' आणि 'पी' यांच्या दरम्यान बरीच वाक्ये आहेत : 'गाडीची किल्ली माझ्याकडे दे.' 'आधी जेवून घेऊ.' 'त्याला नको म्हणालाय ना, मग सोड.' 'आज इथेच झोप.' यांत उपदेश नाही, त्यामुळे मैत्री तुटत नाही. शेवटचा प्रसंग सर्वांत गंभीर असतो. मित्र हाक मारूनही जागा होत नसेल, श्वास मंद किंवा अनियमित असेल, तर 'झोपू दे, उतरेल' असे म्हणू नये. त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. बळेच काही पाजू नये, एकटे सोडू नये आणि 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. घरच्यांना कळेल या भीतीने उशीर करणारे सोबती वाईट नसतात, पण त्या उशिराची किंमत आजारी मित्राला मोजावी लागते.

खोलीच्या पलीकडचे प्रयत्न कोणी करावेत? या भागात मंडळांची उणीव नाही. 2019 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले, तेव्हा तरुण मंडळे मदतीला धावली होती. कोल्हापूरच्या तालमींनी व्यायामाबरोबर खुराकाची शिस्त सांभाळली आणि गंगावेशीतील दूधकट्ट्यावर आजही समोर काढलेले दूध पिण्यासाठी लोक जमतात. रात्री एकत्र बसायला दारूखेरीज निमित्त असू शकते, याचे हे जिवंत उदाहरण होय. घरमालक, कारखान्याचा सुपरवायझर, वयाचा पुरावा मागणारा विक्रेता आणि महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचा गट यांनी एकत्र बसून आपापल्या हातातील एकेक गोष्ट बदलली, तरी परिसर बदलू लागतो. गावातील महिलांना तर कायद्यानेच अधिकार दिला आहे : एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी कौल दिला की दारूचे दुकान बंद होऊ शकते. 'आडवी बाटली' या नावाने तो मतदानप्रकार महाराष्ट्रभर ओळखला जातो.

आणि ज्याची सवय आजाराच्या पायरीवर गेली आहे, त्याच्यापुढे किल्ली काढून घेण्याचा उपाय तोकडा पडतो. त्याला उपचार हवेत. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण अशा उपचारांसाठी सर्वपरिचित आहे. 14446 ही राष्ट्रीय मदतवाहिनी विनाशुल्क आहे.

स्वयं-अध्ययन

'आर्य मदिरा मंडळा'चा एक प्रवेश वाचा आणि त्यातील आग्रहाची वाक्ये वहीत उतरवा. त्यांच्यासमोर तुमच्या गावात, खोलीत किंवा पाळीवर ऐकू येणारी वाक्ये लिहा. नंतर तिसरा स्तंभ आखा आणि प्रत्येक वाक्याला, मित्र न गमावता देता येईल असे उत्तर तुमच्या स्वतःच्या बोलीत लिहा. पुढील संपर्कसत्रास येताना ही वही सोबत आणावी.