पाणी अडविले, आता वाटणीचा हिशेब : गावाने मांडावा पाण्याचा ताळेबंद



पाणलोट विकासाची कामे झाली, नालाबांध भरले, विहिरींची पातळी वाढली की गावात आनंद होतो. परंतु बऱ्याच गावांत दोन-तीन वर्षांतच वाढलेल्या पाण्यावर ऊस वाढतो, नव्या कूपनलिका घेतल्या जातात आणि मार्च उजाडताच पुन्हा टँकरची वाट पाहावी लागते. पाणी अडविले सर्वांनी मिळून. उपशाचा निर्णय मात्र ज्याचा त्याने घेतला. खरे दुखणे येथेच आहे.

हिवरे बाजारचा धडा

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अवर्षणप्रवण पट्ट्यातील गाव. पाऊस सरासरी ४०० मि.मी.च्या आसपास. १९९० च्या दशकात सरपंच श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने गावाने श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी व कुटुंबनियोजन ही पंचसूत्री स्वीकारली. आदर्श गाव योजनेतून माथ्यापासून पायथ्यापर्यंत सलग समतल चर, बांधबंदिस्ती व नालाबांधांची कामे झाली.

गाव एवढ्यावर थांबले नाही. सिंचनासाठी कूपनलिका घेण्यास बंदी केली, ऊस व केळी यांसारख्या जादा पाण्याच्या पिकांना आळा घातला. पुढे दरवर्षी पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविण्याची पद्धत सुरू केली. पिण्याचे पाणी व जनावरांचे पाणी आधी, शेती नंतर, हा तेथील क्रम आहे.

त्याआधी पुरंदर तालुक्यात कै. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने हेच सूत्र वेगळ्या रीतीने आणले होते. तेथे पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरे. भूमिहीनालाही वाटा असे आणि उसाला पाणी नसे.

हिशेब कसा करावा?

१ हेक्टरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. त्यामुळे ४०० मि.मी. पावसात हेक्टरी ४० लाख लिटर पाणी पडते. आपल्याकडील काळ्या पाषाणाच्या प्रदेशात त्यापैकी ढोबळमानाने दहा टक्केच, म्हणजे ४ लाख लिटर, भूजलात मुरते. बाकीचे वाहून जाते, बाष्प होऊन उडते किंवा जमिनीतील ओलीच्या रूपाने पिकांना मिळते. चर व बांधांमुळे मुरण्याचे प्रमाण काहीसे वाढते.

आता पिकांची गरज पाहा. सुरू उसाला सुमारे २०० हेक्टर-सेंमी पाणी लागते, म्हणजे हेक्टरी २ कोटी लिटर. पावसाचा वाटा वजा केला तरी १ कोटी ६० लाख लिटर विहिरीतून द्यावे लागते. एवढे पाणी मुरण्यास सुमारे ४० हेक्टर रान लागते! गव्हाला सुमारे ४० लाख लिटर लागते, म्हणजे १० हेक्टरवरचे मुरलेले पाणी. हरभऱ्याला २५ लाख लिटर धरल्यास सहा हेक्टरवरचे. एका शेतकऱ्याचा ऊस शेजारच्या किती जणांच्या वाट्याचे पाणी पितो, हे यावरून ध्यानी येईल.

गावाने काय करावे?

१) शाळेत किंवा ग्रामपंचायतीत पर्जन्यमापक बसवून रोजच्या पावसाची नोंद ठेवावी. हे काम शाळेतील मुलेही करू शकतात.

२) गावातील वरच्या, मधल्या व खालच्या भागातील काही विहिरी निवडून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे महिन्यांत पाण्याची पातळी मोजावी व फलकावर लिहावी.

३) ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आधी माणसे, जनावरे व झाडे यांचे पाणी बाजूला काढावे. पुढील वर्षासाठी काही पाणी जमिनीतच राखावे. उरलेल्या पाण्यावर रब्बीचे क्षेत्र ठरवावे.

४) पाऊस कमी झाल्यास गव्हाऐवजी हरभरा, करडई व रब्बी ज्वारी घ्यावी, उन्हाळी पीक टाळावे. ठिबक किंवा तुषार संच वापरावा. मात्र वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवू नये, नाहीतर बचत कागदावरच राहते.

५) सिंचनासाठी नवी कूपनलिका न घेण्याचा ठराव करावा. खोल कूपनलिका नवे पाणी निर्माण करीत नाही. बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीचेच पाणी ओढते.

हिशेब काटेकोर नसला तरी चालेल. तो सर्वांसमोर मांडलेला असावा. ठरावाची पहिली झळ मोठ्या बागायतदारांना बसेल. त्यांनी आधी पुढे यावे, म्हणजे लहान शेतकऱ्यांचा विश्वास बसतो. भूमिहीनांनीही चर खोदण्यासाठी घाम गाळला आहे. उन्हाळ्यात त्यांच्या घरातील हंडा भरला, तरच पाणलोटाचे काम सफल झाले असे म्हणता येईल.

येत्या पावसाळ्यापूर्वी पर्जन्यमापक बसवून या कामाचा श्रीगणेशा करावा.