मालवणची चव

दिवाळीच्या सुट्टीत मी मामूंबरोबर मालवणला गेलो. पाठीवर पिशव्या घेऊन आम्ही कुडाळ स्टेशनवर उतरलो आणि एस.टी.त बसलो. दोन्ही बाजूंना लाल माती आणि माडाची उंच झाडे होती.

दुपारी एका खानावळीत जेवलो. भात, बांगड्याचे तिखले आणि वाटीत गुलाबी पेय! मला ते गोड सरबत वाटले. पहिल्याच घोटाला तोंड आंबट झाले.

काकू हसून म्हणाल्या, "अरे, ही सोलकढी! उन्हाळ्यात रतांब्याच्या साली वाळवतो. त्या भिजवून नारळाच्या रसात मिसळतो."

संध्याकाळी दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला दिसत होता. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये त्याचे बांधकाम सुरू केले. बाहेर खारा समुद्र, पण किल्ल्यात गोड्या पाण्याच्या विहिरी!

वाळूत माणसे दोन रांगांनी जाळ्याचे दोर ओढत होती. याला रापण म्हणतात. आम्हीही ओढू लागलो. तळहात लाल झाले. जाळ्यात मासळी थोडीच आली.

"यंत्राच्या मोठ्या बोटी आधीच मासे पकडतात. किनाऱ्याला कमी येतात," एक आजोबा म्हणाले. तरी त्यांनी सर्वांचे वाटे केले. दोन बांगडे माझ्यापुढे धरले.

"मला कशाला?" मी विचारले.

"दोर ओढलास ना? मग हा तुझा वाटा."