गाडी पाण्यात गेली तर कुठली काच फुटेल? ड्रायव्हर आणि गाडीमालकांसाठी 10 मिनिटांचा धडा

आपल्या चॅनलवर आपण हिशोब, गिऱ्हाईक, उधारी यावर बोलतो. पण महाड-पोलादपूर पट्ट्यात ज्यांचा धंदाच चाकावर चालतो, टुरिस्ट गाडी, स्कूल व्हॅन, डिलिव्हरी टेम्पो, त्यांच्यासाठी आजचा धडा पैशापेक्षा मोठा आहे. वही काढा.

2 ऑगस्ट 2016 ची रात्र महाडकर विसरलेले नाहीत. सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस खासगी वाहनासह वाहून गेल्या. नवा पूल 2017 च्या जूनमध्ये सुरू झाला. त्या रात्रीच्या प्रवाहात काच फोडून कोणी वाचलं असतं, असं म्हणणं बरोबर नाही. पण प्रत्येक गाडी अशा लोंढ्यात सापडत नाही. कोणी साकवावरच्या पाण्यात अडकतो, कोणी रस्त्यालगतच्या ओढ्यात घसरतो. तिथे पहिला एक मिनिट तुमच्या हातात असतो.

काचा दोन प्रकारच्या

1. लॅमिनेटेड: दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा चिवट थर. पुढची काच अशीच असते. मारली तर तडे जातात, पण भोक पडत नाही. म्हणून संकटात पुढच्या काचेवर लाथा मारत बसू नका. ही काच वाईट नाही हं! आंबेनळी घाटात गाडी उलटली तर माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून हीच उपयोगी पडते, अर्थात सीटबेल्ट लावलेला असेल तर.

2. टफन्ड किंवा टेम्पर्ड: काच 600 अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड करतात. त्यामुळे बाहेरचा भाग दाबात आणि आतला ताणात राहतो. हाताच्या बुक्कीला ती दाद देत नाही, पण टोकदार वस्तूचा एक नेमका घाव बसला की सगळी काच बारीक दाण्यांसारखी गळते. बहुतेक गाड्यांच्या बाजूच्या आणि मागच्या काचा अशा असतात.

पण गृहीत धरू नका. काही महागड्या गाड्यांत बाजूच्या काचाही लॅमिनेटेड असतात. अमेरिकेतल्या ट्रिपल ए या वाहनचालकांच्या संस्थेने 2019 मध्ये 6 हत्यारं तपासली. त्यातल्या 4 नी टेम्पर्ड काच फोडली. लॅमिनेटेड एकानेही फुटली नाही!

दार का उघडत नाही?

साधा हिशोब करू. दार 1 मीटर रुंद आणि बाहेर 60 सेंटिमीटर पाणी. दारावर साधारण 180 किलोचा दाब येतो. तो ढकलण्यात दम घालवू नका. खिडकी हाच रस्ता.

क्रम पाठ करा

- बेल्ट: आधी सीटबेल्ट सोडा.
- खिडकी: लगेच खाली करा. पॉवर विंडो पाण्यात पडल्यावरही थोडा वेळ चालते. पाणी काचेपर्यंत चढलं की दाबामुळे ती अडकते.
- मुलं: आधी मुलांना बाहेर काढा.
- बाहेर: मग तुम्ही. मोबाईल, बॅग, गल्ला, सगळं राहू दे. फोन बाहेर आल्यावर.

खिडकी उतरली नाही तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्याजवळ घाव घाला, मधोमध नाही. पाण्याखाली हातोडीला वेग मिळत नाही. तिथे दाबल्यावर आपोआप टोला देणारा स्प्रिंगचा पंच बरा. काचेवर फिल्म असेल तर फुटलेली काचही चिकटून राहते, ती जोरात बाहेर ढकलावी लागते.

मालकांनो, तुमचं काम

काही शे रुपयांचं हत्यार डिकीत पडलं असेल तर ते नसल्यासारखंच. ड्रायव्हरचा बेल्ट लावलेला असताना हात पोहोचेल अशा जागी ते पक्कं बसवा. स्कूल व्हॅनच्या खिडक्यांना आडव्या दांड्या असतात, त्यामुळे तिथे संकटकाळचं दार हाच मार्ग. त्या दारासमोर दप्तरांचा ढीग नको. ते महिन्यातून एकदा स्वतः उघडून बघा.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय? पाण्यात गाडी घालायचीच नाही. 30 सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी गाडी तरंगवू शकतं, 60 सेंटिमीटरमध्ये मोठी गाडीही वाहून जाते. "साहेब, पाणी आहे, मी थांबतो," असं सांगणाऱ्या ड्रायव्हरचा त्या दिवसाचा पगार कापू नका. नाहीतर पुढच्या वेळी तो थांबणार नाही.

आजचा गृहपाठ

टॉर्च घेऊन गाडीपाशी जा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत प्रकार छापलेला असतो. तो वाचा, नाही कळला तर सर्व्हिस सेंटरला विचारा. कुठली काच फुटणारी आहे ते कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवा. मग ड्रायव्हरला सीटवर बसवा, डोळे मिटायला लावा आणि म्हणा, "पंच काढ." हात चाचपडला तर जागा बदला आणि पुन्हा करा.

चला, उठा. पावसाची वाट बघू नका.