काळजी करणे आणि काळजी घेणे

शास्त्रपाठ : फिलिप्पैकरांस पत्र 4:4-9, 2 राजे 19:14-19



दिवाळी झाली की धडगावच्या डोंगरपाड्यांतली पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात आणि मुले आमच्या वसतिगृहात ठेवून जातात. काही वर्षांपूर्वी अशाच थंडीत सातवीतल्या एका मुलीला सिकलसेलचा त्रास सुरू झाला. हातपाय इतके दुखत की रडून रडून ती दमून जाई. आईवडील कोणत्या फडावर आहेत हे कळत नव्हते, फोन लागत नव्हता. मी वसतिगृहाची अधीक्षिका. तिला दवाखान्यात नेऊन आणले, तरी रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागत नसे. गुडघे टेकत होते, पण खरे सांगायचे तर ती प्रार्थना नव्हती. तीच भीती मनात घोळवायची आणि शेवटी "आमेन" म्हणायचे, एवढेच चालले होते.

त्या दिवसांत फिलिप्पैकरांस पत्र पुन्हा वाचायला घेतले. पौलाने हे पत्र बंदिवासातून लिहिले. सुटका होईल की मरण येईल हे त्याला ठाऊक नव्हते; पहिल्या अध्यायात तो दोन्ही शक्यता मोकळेपणाने मांडतो. असा मनुष्य चौथ्या अध्यायात सांगतो, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. पण गंमत अशी की दुसऱ्या अध्यायात (2:20) तीमथ्याची स्तुती करताना, तो तुमची मनापासून काळजी करील असे म्हणताना, पौलाने मूळ ग्रीकमध्ये तेच क्रियापद वापरले आहे. एका ठिकाणी जे करू नका म्हणून सांगितले, तेच दुसऱ्या ठिकाणी गुण ठरले.

आपल्या मराठीला हे समजायला जड जाऊ नये. आपणही एकाच शब्दाने दोन्ही बोलतो. "काळजी करू नका" म्हणतो आणि लगेच "काळजी घ्या" म्हणतो. काळजी करणारा अंथरुणात कूस बदलत राहतो. काळजी घेणारा उठून पाणी गरम करतो. दोघांच्याही मुळाशी प्रीतीच असते. म्हणून चिंता वाटली की "माझा विश्वासच कमी" असे स्वतःला दोष देत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. ती प्रीती देवापुढे नेऊन तिला हात-पाय मिळू द्यायचे, हे प्रार्थनेचे काम आहे.

ते कसे करायचे हे हिज्कीया राजाकडून शिकावे. अश्शूरी राजाचे धमकीचे पत्र आले तेव्हा त्याने ते वाचले, मंदिरात नेले आणि परमेश्वरापुढे पसरून ठेवले. "देवा, सर्व ठीक कर" असे मोघम बोलला नाही. नेमके काय आले आहे ते त्याने दाखवले. मीही एका वहीत लिहू लागले : ताप येईल. रक्त लागेल. आईला कळणार नाही. ते पान उघडे ठेवून मोठ्याने वाचले. मग प्रत्येक ओळीपुढे, यातले माझ्या हाती काय आहे, ते लिहिले. सिकलसेलमध्ये थंडी, पाणी कमी पिणे आणि अतिश्रम यांनी दुखणे उसळते. म्हणून स्वेटर, पाण्याची बाटली, खेळाच्या तासाला विश्रांती, आणि ताप आला तर वाट न पाहता दवाखाना. काही ओळींपुढे लिहायला काहीच नव्हते. त्या तशाच देवापुढे राहिल्या.

पौल विनंतीबरोबर उपकारस्तुतीही सांगतो. सुरुवातीला मला ते ओढूनताणून वाटे. पण वहीत त्या दिवशी मिळालेली एक गोष्ट लिहायची सवय लावली : आज ती भाकरी जेवली.

आणि मनन? पहिल्या स्तोत्रात मननासाठी आलेला इब्री शब्द पुटपुटण्याचा आहे. आजारी हिज्कीया पारव्यासारखा कण्हलो असे म्हणतो (यशया 38:14), तिथेही तोच शब्द आहे. म्हणजे मन अगदी रिकामे, शांत झाल्यावरच मनन होते असे नाही. एक वचन ओठांवर घ्यावे, श्वासाबरोबर हळू म्हणत राहावे, कण्हत म्हटले तरी चालेल. मुलीच्या उशाशी बसून मी असेच म्हणत असे. कधीकधी तीही म्हणू लागे.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. कित्येक आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, छातीत धडधडते असे होत असेल, तर पाळकांबरोबर डॉक्टरांकडेही जावे. हिज्कीयाने अश्रू ढाळून प्रार्थना केली आणि त्याच्या गळवावर अंजिराचा लेपही लावला गेला (2 राजे 20:7).

देवाची शांती अंतःकरण राखील असे पौल लिहितो, तो शब्द सैनिकी पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत, तिथे निवृत्त सैनिक वसवलेले. वाचणाऱ्यांना पहारा म्हणजे काय ते नीट कळले असेल. पहारेकरी असला म्हणजे बाहेर रात्र नसते असे नाही. त्या मुलीचे दुखणे त्या हिवाळ्यात आणखी दोनदा उसळले. तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन लागला.

आता ती नववीत आहे. स्वतःच्या गोळ्यांची वेळ स्वतः पाळते, आणि लहान मुलींनी पाणी प्यावे म्हणून त्यांच्या मागे लागते. यंदाही आईवडील होळीला परत येतील. तोवर तिच्यासाठी आणि फडावर गेलेल्या कुटुंबांसाठी आमच्याबरोबर प्रार्थना करा. वहीत या आठवड्याची पहिली ओळ आहे : मुलींच्या खोलीला पांघरुणे कमी पडतात.