सहा जणांची एक मॅरेथॉन

नवरात्रात आपल्या सीमाभागातली पोरं तुळजापूरहून ज्योत पाळीपाळीनं पळत आणतात. तशीच देशादेशांची एक शर्यत होती, जागतिक रोड रिले. 1992 ला फुंशालमध्ये सुरू झाली, 1998 ला ब्राझीलच्या मनाउसला चौथी झाली, अन् बंदच पडली. सहा धावपटू, टप्पे 5, 10, 5, 10, 5 आणि शेवटचा 7.195 किलोमीटर. पुरुषांत केनियानं तीनदा जिंकली. कितीही दम असो, दुसऱ्याचा टप्पा आपण पळायचा नाही.

आमच्यातल्याच एका घरी वडिलांनी दुकानाची किल्ली सोडली नाही, मुलगा चाळिशीला आला तरी. आता बापलेक बोलत नाहीत. या रविवारी घरात सगळे बसून विचारू या: आपल्याकडं कोणाचा टप्पा संपलाय, आणि हात पुढं करून कोण उभं आहे?